पल्याडची पेंडी

चेंडू झिलूच्या हातात आला आणि पुढच्या क्षणाला तो हातात नव्हता. मधलं काही त्याला आठवत नव्हतं. म्हणजे आठवत होतं, पण दुसऱ्याच कुणाचं तरी आठवावं तसं. हुबळीचं मुरमाचं मैदान, संध्याकाळचं तिरकं ऊन, कडेला बाकांवर आणि बाकांमागच्या झाडांवर चढून बसलेली रेल्वेच्या कारखान्यातली माणसं, बास्केटबॉलच्या स्पर्धेचा अखेरचा सामना, आणि रेल्वेचा संघ एका गुणानं पुढं. वेळ संपल्यातच जमा होती. चेंडू नुसता पोटाशी धरून उभं राहायचं होतं. यशवंतानं, म्हणजे त्यांच्या कप्तानानं, लांबून हाक दिली, "झिल्या, शेवटचा!" आणि झिलूच्या हातांनी चेंडू उचलला. मध्ये दोन्ही संघांची गर्दी झाली होती. त्या सगळ्या डोक्यांवरनं चेंडू वर गेला, आणखी वर गेला, उन्हात क्षणभर तांबूस झाला, आणि पलीकडं रेल्वेच्याच जाळीखाली हात वर करून एकटा उभा असलेल्या बंगळूरच्या एका उंच गड्याच्या तळव्यांत अलगद जाऊन बसला. तो गडी इतका चकित झाला की चेंडू सुटता सुटता राहिला. त्यानं इकडंतिकडं बघितलं, जणू घेऊ का म्हणून कुणाला तरी विचारायचं होतं. मग वळून त्यानं चेंडू जाळीत सोडला. शिट्टी झाली.

इतकी सुंदर फेक झिलूनं आयुष्यात केली नव्हती. सगळ्यात वाईट हेच होतं. चुकून निसटला असता, घामानं घसरला असता, कुणाचा धक्का लागला असता, तर चार दिवस चिडवून लोक गप्प बसले असते. पण ही चूक नव्हती. चुकीला इतका डौल नसतो. मनगट किती वळवायचं, बोटं कुठं सोडायची, सगळं जागच्या जागी होतं, आणि फेकून झाल्यावर त्याला बरं वाटलं होतं. क्षणभरच, पण छातीत काहीतरी भरून आल्यासारखं बरं वाटलं होतं. हे कुणाला सांगायचं? यशवंतानं एकदाच विचारलं, काय केलंस हे, आणि उत्तराची वाट न बघता पाठ फिरवली. कुणीतरी हसलं, कुणीतरी कन्नडमध्ये शिवी दिली. मग संघाला शिकवणारे बाबुराव मास्तर त्याच्या शेजारी येऊन बसले. ते बेळगावचे, कारखान्यात कारकून, अंगानं गोल, आणि संघ हरला की स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडत बसायची त्यांची सवय होती. एक बूट काढून झाल्यावर ते म्हणाले, "मला ओरडायचं न्हाई की, झिलू. फक्त सांग, का दिलास?" झिलू हात बघत राहिला. मास्तरांनी दुसरा बूट काढला. "गावाकडं जाऊन ये. सोमवारपासून सराव हाय. येताना उत्तर आण. खोटं आणलंस तरी चालंल, पण मला पटायला पायजे. न्हाईतर तुला मैदानात उभा करतो कसा मी? तुझा तुझ्या हातावर भरवसा न्हाई, तर माझा कसा असायचा?"

म्हणजे काय, ते झिलूला नीट कळलं होतं. खेळ गेला की परत यार्डात. यार्डातल्या कामाचं त्याला काही वाटत नव्हतं. रुळांखालचे लाकडाचे स्लीपर उचलण्यातच त्याची उमर गेली होती. पण संध्याकाळ झाली की तळव्यांना जी खाज सुटायची, ती मग कुठं घेऊन जायची? गाडी तिनईघाटकडं निघाली तेव्हा तो खिडकीशी बसून मांडीवरच्या हातांकडं बघत होता. परक्या घरची दोन पोरं आपल्या मांडीवर आणून बसवावीत तसे ते बसले होते, गुमान, निरागस. समोरच्या बाईनं आपल्या नवऱ्याला देण्यासाठी पाण्याचा तांब्या त्याच्याकडं दिला, आणि झिलू घाबरला. तांब्या दोन्ही हातांत घट्ट धरून, उठून उभा राहून, त्यानं तो त्या नवऱ्याच्या हातात नेऊन ठेवला, आणि त्यानं नीट धरलाय ना हे बघूनच सोडला. त्या माणसाला वाटलं, काय संस्कारी पोरगा आहे. त्यानं झिलूला केळं दिलं.

हात हे असे आधीपासूनच पुढं धावणारे. त्यांच्यामुळंच तर हे सगळं झालं होतं. तेव्हा गोव्याकडची गाडी कॅसलरॉकलाच थांबायची, पुढं फिरंग्यांचा मुलूख. झिलू तिनईघाटला लाकडाच्या डेपोत होता. एकदा घरच्या कणग्यांचे कंद आणि काकड्या फडक्यात बांधून तो स्टेशनात उभा, पलीकडच्या फलाटावर त्याची थोरली बहीण केशर बाजारला निघालेली, आणि मध्ये गाडी येऊन थांबली ती हलेना. केशरची हाक तेवढी ऐकू येत होती. झिलूनं एक बोचकं उचललं आणि डब्याच्या टपावरनं पलीकडं टाकलं. मग दुसरं. मग तिसरं. खिडकीत बसलेल्या बाबुराव मास्तरांनी काय बघितलं, तर एक पोरगी रस्त्याकडं तोंड करून कुणाशी तरी बोलत उभी आहे, हात तेवढे वर, आणि आभाळातून एकेक बोचकं येऊन तिच्या हातात बसतंय. मास्तर गाडीतून उतरले, ते पलीकडच्या बाजूला जाऊन टाकणारा कोण ते बघायला. आणि त्यांची गाडी गेली. झिलूला हुबळीच्या संघात आणल्यावर पुष्कळ दिवस ते ही गोष्ट सांगायचे आणि दर वेळी म्हणायचे की आपली गाडी चुकली नाही, गाडीलाच आपण चुकलो. झिलूला मात्र यात नवल काय ते कधीच समजलं नाही. केशर तिथं होती. तिचे हात कुठं असतील ते ठाऊक होतं. मग गाडी मध्ये असली काय आणि नसली काय?

हुबळीत पहिल्या दिवशी त्याला जाळी दाखवली, तेव्हा तो बराच वेळ खाली उभा राहून वर बघत होता. टोपलीला बूड नव्हतं. त्यानं नम्रपणानं तसं सांगितलं, कुणाच्या लक्षात आलं नसेल म्हणून. मंडळी हसून हसून बेजार झाली. घरी आल्यावर त्यानं आयला सांगितलं, तर आय हसली नाही. तिनं विचार केला आणि म्हणाली, "बूड न्हाई तर टाकल्यालं ऱ्हातंय कुठं?" ऱ्हात न्हाई, खाली पडतंय. "आणि मग?" मग परत उचलायचं. दोन दिवसांनी तिनं वेताची एक चांगली मजबूत टोपली विणून दिली, रेल्वेच्या सायबांना दे म्हणाली, बूड मी डबल घातलंया. ती टोपली बाबुरावांच्या घरी कांदे ठेवायला गेली. पण आयचा प्रश्न झिलूच्या मनात राहिला. मिरजेला, बेळगावला, एकदा तर मद्रासला, जाळीतून चेंडू सळकन खाली आला की गर्दी ओरडायची, आणि झिलूच्या मनात येऊन जायचं, ऱ्हातंय कुठं? बूट त्याला चावायचे. चेंडू जमिनीवर आपटत न्यायचा, तोही त्याला सुरुवातीला जमेना. त्यांच्या डोंगरात फेकलेली गोष्ट आपल्याकडं परत येत नसे, आणि हा चेंडू कुत्र्याच्या पिल्लासारखा हाताला परत चिकटायचा. पण देणं त्याला यायचं. कुणाला कुठं हवाय, कधी हवाय, मध्ये कोण आहे, यातलं काही त्याला मोजावं लागत नसे. एखादी संध्याकाळ अशी जायची की पाच जण मिळून एकच काहीतरी श्वास घेतंय असं वाटायचं, आणि झिलूला हसू यायचं, खेळता खेळता, कारण नसताना. समोरच्या संघाला वाटायचं हा आपल्याला हसतोय. ते चिडायचे आणि चुकायचे. यशवंत म्हणायचा, हस की, हस, आपला एक गुण तोच हाय.

तिनईघाटला उतरून तो रानातल्या वाटेला लागला. भात कापून झालं होतं. रानातनं खाली उतरलं की प्रत्येक मळीत कापलेल्या भाताचे बुडखे उन्हात पांढरे दिसत होते, आणि वास, कोरडा, गोडसर, नाकाच्या शेंड्याला टोचणारा. हा वास त्याला चार हंगामांत भेटला नव्हता. नेमक्या याच दिवसांत सामने असायचे. त्याला वाटलं होतं, घरी पोचलो की मन हलकं होईल, पण पोचल्यावर कळलं की आपण घरात एक नवंच भांडण होऊन बसलोय. त्याचा बा, येसाजी, शेजारच्या धाकलूशी वर्षभर बोलत नव्हता. झालं होतं असं की येसाजीनं चारचौघांत सांगितलं, माझ्या पोराला चेंडू खेळायचा पगार मिळतो. धाकलू म्हणाला, असं व्हय? मग माझ्या बैलाला शेपूट हलवायचा मिळतोय का इचारून बघ. लोक हसले. येसाजी म्हणाला, मी खोटं बोलतोय व्हय? धाकलू म्हणाला, तू न्हाई, पोरगं बोलतंय. झालं. दोघांच्या घरांमध्ये एक कुंपण, कुंपणाला एक फणस; वर्षभर फणस पिकून पडले, ते दोघांपैकी कुणी उचलले नाहीत. माकडांची चैन झाली. आय म्हणाली, माणसापरास माकडं शाणी.

ज्याच्यासाठी बा वर्षभर शेजाऱ्याशी अबोला धरून बसला होता, ते सोमवारी कदाचित उरणारही नव्हतं. धाकलू खरा ठरणार होता. झिलूनं बाला काही सांगितलं नाही. बाही काही विचारत नव्हता. तो फक्त अधूनमधून झिलूच्या बुटांकडं बघायचा, दाराशी ठेवलेल्या, कौतुकानं, जणू ते कुठल्या तरी शहाण्या जनावराचे पाय आहेत. दुसऱ्या दिवशी उडवी रचायची होती. केशर सासरहून, नंदिगड्ड्याकडून, त्यासाठीच आली होती. तिनं भावाचं तोंड बघितलं आणि अंगणातच विचारलं, "काय रे, हरला व्हय?" तो म्हणाला, हरलो न्हाई, मी दिलं. "दिलं? कुणाला?" त्यांना. तिला हे काही विशेष वाटलं नाही. "मग घेतलं का न्हाई त्येनी?" घेतलं. "मग झालं की," ती म्हणाली, आणि पेंड्या आणायला निघून गेली.

उडवी म्हणजे पेंड्यांची गोल रास. लोंब्या आत, बुडखे बाहेर, अशी फिरत फिरत रचत न्यायची, की वाऱ्यापावसानं आतला दाणा हलू नये; मळणी मग सवडीनं. वर येसाजी, खाली झिलू, आणि झिलूच्या हाताशी पेंड्या देणारी केशर. वरचा माणूस खाली बघत नाही. तो आपला वाकून पेंडी बसवतो, गुडघ्यानं दाबतो, आणि हात मागं करतो. त्या हातात पुढची पेंडी असायला हवी. झिलूनं पहिली पेंडी उचलली आणि थांबला. बाचा हात कुठं आहे ते त्यानं बघितलं. अंतर बघितलं. स्वतःच्या मनगटाकडं बघितलं. मग टाकली, ती बाच्या कोपराला लागून खाली घरंगळली. दुसरी वर पोचलीच नाही. तिसरीच्या वेळी येसाजीचा हात रिकामाच मागं आला, त्यानं हवेत दोनदा मूठ मिटली, आणि तो उडवीवर बसला. वरनंच त्यानं विचारलं, रेल्वेत तुला जेवायला घालतात का न्हाई? केशर हसत सुटली. झिलूला रडू यायचं बाकी होतं. हात माझे नाहीत, त्याला सांगायचं होतं, मी ह्यांना ओळखत नाही, हे कुणाला काय देतील त्याचा नेम नाही. पण केशरनं पुढची पेंडी त्याच्या छातीवर आदळली, आणि ती धरल्या धरल्या तिच्या मागची पुढं केली, आणि तिच्या मागची. बघायला सवडच देईना. पेंडी, वर. पेंडी, वर. लोंब्यांची कुसं मानेवरनं आत गेली, पाठीला टोचायला लागली. घाम आला. पेंडी, वर. कधीतरी त्याचं बघणं सुटलं. वर बाचा हात मागं आला की त्यात पेंडी असायची, आणि बाच्या गुडघ्याचा दाब, केशरच्या बांगड्यांचा आवाज, आपला श्वास, हे सगळं मिळून एकच काहीतरी चाललं आहे असं त्याला वाटलं, हे त्यानं कुठंतरी, बूट घालून, मुरमाच्या मैदानावर, कुठं बरं, आणि त्याला हसू आलं. बा वरनं म्हणाला, "हसतोस काय? टाक." उडवी चढत गेली, गळ्याइतकी, डोक्याइतकी, मग झिलूच्या वर, बा दिसेनासा झाला, नुसता आभाळावर हलणारा एक काळा आकार. आणि तो आकार उभा राहिला, कमरेवर हात ठेवून, आणि ओरडला:

"शेवटची रे!"

आणि झिलूच्या हातात पेंडी होती आणि पुढच्या क्षणाला ती हातात नव्हती. ती बाकडं गेली नाही. बाच्या डोक्यावरनं ती वर गेली, आणखी वर गेली, उन्हात क्षणभर सोनेरी झाली, आणि उडवीच्या पल्याड, जिथलं झिलूला काही दिसत नव्हतं, तिथं उतरली. जमिनीवर पडल्याचा आवाज आला नाही. कुणीतरी झेलली होती. झिलू तसाच उभा राहिला, हात वर, बोटं उघडी. छातीत काहीतरी भरून आल्यासारखं बरं वाटत होतं. नेमकं तसंच. शेवटची पेंडी घरची नसते. त्यांच्या वाड्यात कुणी हे कुणाला शिकवलं नव्हतं, ते होतंच. शेवटची पेंडी उडवीवरनं पल्याड टाकायची, आणि पल्याड ज्यानं उभं राहायचं तो आपल्यातला नको. त्या वर्षी ज्याच्याशी वाकडं आलंय, अबोला आहे, त्यानं हात वर करून उभं राहायचं. टाकणाऱ्याला तो दिसत नाही. त्याला टाकणारा दिसत नाही. पेंडी भुईला न लागता झेलली गेली तर दोन्ही घरांचं साल बरं जातं. मिसरूड फुटायच्या आधीपासून ते हुबळीला जाईपर्यंत घरातली शेवटची पेंडी झिलूच टाकत आला होता, कारण त्याची कधी भुईला लागत नसे. आणि यशवंत, जो एरवी नुसतं टैम टैम म्हणून ओरडायचा, त्या संध्याकाळी ओरडला होता— झिलू मटकन खाली बसला. गवताच्या काड्यांत बसून तो हसायला लागला. केशर म्हणाली, काय झालं ह्येला? तो म्हणाला, आका, दिली मी, बरोब्बर दिली, आणि परत हसायला लागला, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. बंगळूरचा तो उंच गडी त्याच्या डोळ्यांपुढं उभा राहिला, चेंडू धरून, इकडंतिकडं बघत, घेऊ का? घे की बाबा. तुझाच हाय.

उडवीच्या मागून धाकलू आला. त्यानं पेंडी लेकरासारखी छातीशी धरली होती आणि त्याच्या मिशीत कुसं अडकली होती. वर्षभर न बोललेला माणूस बोलायचं तर आधी घसा साफ करतो, तसा त्यानं केला. वर उभ्या असलेल्या येसाजीकडं बघितलं, खाली बसलेल्या झिलूकडं बघितलं. मग येसाजीला म्हणाला, "येसा, ह्या हाताला पगार दिला तर सरकारचं काय चुकलं न्हाई." येसाजी वरनं खाली उतरला, सावकाश, ऐटीत. तो म्हणाला, "बैलाचं काय झालं मग?" धाकलू म्हणाला, "त्यो अजून बिनपगारी हाय." संध्याकाळी आयनं दोघांना एकाच पानावर बसवून भाजलेल्या कणग्या वाढल्या, आणि फणसाचा विषय काढला. दोघंही एकदम म्हणाले की माकडांना काय कमी केलं न्हाई आपण.

सोमवारी झिलूनं उत्तर नेलं. बाबुराव मास्तर बूट घालत होते. ऐकता ऐकता त्यांचा एक बूट हातातच राहिला. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे शेवटचा म्हटलं की हात ऐकत न्हाईत?" न्हाईत, मास्तर. "आणि म्हटलंच न्हाई तर?" झिलू म्हणाला, मग ते माझं ऐकत्यात. मास्तरांनी मैदानाकडं तोंड फिरवलं. चेहरा गंभीर होता, पण पोट हलत होतं. "मी म्हटलं होतं खोटं चालंल," ते म्हणाले, "पण असलं खोटं तुझ्यानं व्हायचं न्हाई की." त्यांनी यशवंताला बोलावून घेतलं. आता, एका माणसाच्या हातांपासून एखादी गोष्ट लपवायची, तर ती सगळ्यांनी मिळून लपवावी लागते. संघात नियम झाला, की झिलूच्या देखत शेवट हा शब्द काढायचा नाही. सरावाची शेवटची फेरी असेल तर मधली म्हणायचं. गाडी सुटायला आली तरी शेवटच्या डब्याला मागचा म्हणायचं. यशवंत तर इतका दचकून वागायला लागला की जेवताना पानात शेवटची पोळी वाढली की तो ती झिलूपासून दूर ठेवायचा. आणि वेळ संपत आली की ओरडायचं काय, ते झिलूनंच सांगितलं. उडवी रचताना खालचा गडी दमला, किती राहिल्या म्हणून विचारायला लागला, की वरचा जे सांगतो ते. खरं असो वा नसो.

पुढच्या हंगामात बंगळूरचे तेच गडी हुबळीला परत आले. तिनईघाटहून गाडी धरून दोन माणसं सामना बघायला आली होती. येसाजीनं डोक्याला नवा रुमाल बांधला होता, आणि कुठला शब्द काढायचा नाही ते झिलूनं त्याला बजावून ठेवलं होतं. धाकलूनं सरकार पगार देतंय त्या गोष्टीची स्वतः खातरजमा करायचं ठरवलं होतं, आणि तो बाकावर असा बसला होता, जणू सरकारतर्फे तोच तपासायला आलाय. पहिला काही वेळ त्याला काही कळेना. पाच आणि पाच मोठी माणसं एका चेंडूमागं धावताहेत, आणि मिळाला की टाकून देताहेत. मग त्याला झिलू दिसला. म्हणजे झिलू आधीही दिसत होता, पण आता त्याचं टाकणं दिसलं, आणि त्यानं येसाजीच्या मांडीवर थाप मारली. ऊन तिरकं झालं. रेल्वे एका गुणानं मागं. वेळ सरत आलेली ती धाकलूलाही कळली, कारण सगळं मैदान एकदम उभं राहिलं. आणि उभं राहून, छाती भरून, त्यानं तोंड उघडलं, "झिलू, शेव—" येसाजीनं त्याच्या तोंडावर हात दाबला. अख्खा पंजा. रुमाल खाली पडला. आणि दुसरा हात वर करून येसाजी ओरडला, उडवीवरनं ओरडावं तसं:

"अजून लई हाईत रे!"

यशवंतानं ते उचललं. बाकांवरच्या कारखान्यातल्या माणसांनी उचललं. झाडांवरच्यांनी उचललं. ज्यांना मराठी येत नव्हतं तेही ओरडत होते, अजून लई हाईत, अजून लई हाईत, आणि बंगळूरचे गडी एकमेकांकडं बघत होते की ह्यांना वेळ कळत नाही की काय. झिलूला कळत होती. झिलूला सगळं ठाऊक होतं, एक श्वास राहिलाय, फार तर दीड; पण हातांना ठाऊक नव्हतं. हातांना वाटत होतं, खळ्यावर पेंड्यांचा डोंगर पडलाय, केशरच्या बांगड्या वाजताहेत, दिवस लांब आहे. समोर तोच उंच गडी, दोन्ही हात वर. झिलूला हसू आलं. त्यानं त्या हातांच्या वरनं टाकला. चेंडू वर गेला, आणखी वर गेला, उन्हात तांबूस झाला, आणि बूड नसलेल्या टोपलीतून कशालाही न लागता खाली आला.

मैदानात जो कल्लोळ झाला त्यात झिलूला एकदम आयचा प्रश्न आठवला, टाकल्यालं ऱ्हातंय कुठं? लोक त्याच्याकडं धावत येत होते, यशवंत दोन्ही हात पसरून येत होता, बाबुराव मास्तर एका पायात बूट घालून येत होते. शिट्टी अजून झाली नव्हती. चेंडू जाळीखाली एकदा उसळला, दोनदा, आणि त्या उंच गड्याच्या पायाशी जाऊन थांबला. जाळीतून पडलेला चेंडू दुसऱ्या बाजूचा. हा खेळाचा नियम, पहिल्याच दिवशी शिकवलेला, आणि झिलूच्या तो आत्ता लक्षात आला, इतक्या वर्षांनी. म्हणजे तो दर वेळी पल्याडच जात होता. टोपलीला बूड नव्हतं ते यासाठी. त्यानं वाकून चेंडू उचलला, त्याच्यावरची माती हातानं पुसली, आणि दोन्ही हातांनी पुढं केला. त्या उंच गड्यानं ह्या खेपेला इकडंतिकडं बघितलं नाही. त्यानं तो घेतला, आणि मग शिट्टी झाली.